पिशवीतली झोप

वसईजवळच्या होळी गावातल्या त्या वाडीत सकाळी आधी पंप सुरू व्हायचा आणि मग भांडण. रामचंद्र आणि जितेश, बाप आणि लेक, कशावरही भांडू शकत. पाणी आधी केळींना की पानवेलीला, पेंड कालवून घालायची की तशीच, राजेळीचा घड आज उतरवायचा की परवा. कुंपणापलीकडचा प्लासिड म्हणायचा, "आमच्या घरातला रेडिओ बिघडलाय, पण दुरुस्त करून घ्यायची गरज वाटत नाही." सुमनला, म्हणजे एकाच्या बायकोला आणि दुसऱ्याच्या आईला, या आवाजाची इतकी सवय होती की तो थांबला की ती हातातलं काम टाकून बाहेर यायची. कुणाला काही झालं की काय, ते बघायला.

मग एक दिवस जेवताना जितेशनं सांगितलं, की त्यानं सातिवलीला गाळा घेतलाय भाड्यानं. स्कूटरची कव्हरं शिवणार. वाडी आता आप्पांनी गड्यांकडून करून घ्यावी. सुमनचा घास हातातच राहिला. आता ताटं उडणार, या तयारीनं ती बसली. रामचंद्रांनी भातावर आमटी घेतली, नीट कालवली आणि म्हणाले, "बरं."

त्या एका 'बरं'नं घात केला. तेव्हापासून बापलेक एकमेकांशी इतके सभ्य वागायला लागले की घरात दोन परके पाहुणे उतरलेत असं वाटावं. बोलणं सगळं सुमनमार्फत. "त्याला विचार, जेवायला थांबू का." "आप्पांना सांग, मला उशीर होईल." दोघं एकाच सतरंजीवर, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ बसलेले, आणि निरोप मात्र स्वयंपाकघरापर्यंत जाऊन परत येणार. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बाईलासुद्धा संध्याकाळी सुट्टी होते, असं सुमननं सुनेला, उन्नतीला, एकदा बोलून दाखवलं होतं.

सुमन हिशेबी बाई. हिशेब माणसांचा. कुणी कुणाला आधी हाक मारली, कोण कुणाच्या लग्नात न जेवता गेलं, आजारपणात कोण नारळपाणी घेऊन आलं आणि कोण नुसतंच विचारून गेलं, सगळं तिच्या डोक्यात टिपलेलं असे. या दोघांचं खातं तिनं उघडून बघितलं, तर दोन्हीकडे शिल्लक भरपूर होती. फक्त खर्चायला कुणी तयार नव्हतं. रामचंद्र संध्याकाळी ओटीवरची खुर्ची अशी मांडत की रस्ता दिसावा, आणि जितेश वळणावर दिसला की लगेच पेपर तोंडापुढे धरत. जितेश रविवारी वाडीच्या मागच्या बाजूनं शिरून गड्यानं घड नीट उतरवलेत की नाही ते बघून यायचा आणि विचारलं की म्हणायचा, पाय मोकळे करायला गेलो होतो. सुमनला दोघांकडून एवढंच हवं होतं, की त्यांनी एकदा तिला मधे न घालता, एकमेकांच्या तोंडावर, मनात असेल ते बोलावं. मग ते कसंही असो.

संधी आली दोन वर्षांनी, अठ्ठ्याण्णव सालच्या जानेवारीत. प्लासिडचा मुलगा हिलरी मुंबईच्या एका गिर्यारोहण मंडळात जात असे. मंडळाला स्लीपिंग बॅगा हव्या होत्या आणि परदेशी परवडत नव्हत्या. हिलरीनं जितेशचं नाव पुढे केलं. जितेशनं नमुन्याच्या दोन पिशव्या शिवल्या. बाहेरून स्कूटरच्या कव्हराचंच रबर लावलेलं नायलॉन, मधे कापसाचा जाड थर, आत मऊ अस्तर, बाजूला मानेपर्यंत चेन. पाण्याचा एक थेंब आत शिरणार नाही, अशी त्याची हमी होती. येईल त्याला तो पिशवी नळाखाली धरून दाखवायचा, आणि खरंच शिरत नसे.

पण मंडळाला नमुना देण्याआधी थंडीत त्यात झोपून बघायला हवं. आणि वसईच्या किनाऱ्यावर थंडी म्हणजे काय, तर कपाटातली माकडटोपी बाहेर काढायला एक निमित्त. म्हणून जितेशनं तुंगारेश्वरच्या डोंगरावर उघड्यावर एक रात्र काढायचं ठरवलं.

"मीपण येते," सुमन म्हणाली. "माझा तुंगारेश्वराला नवस राहिलाय."

कसला नवस, ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर पंचाईत होती, कारण तो तिला अजून सुचायचा होता.

रामचंद्र ओटीवर सुपारी कातरत होते. "त्याला सांग," ते सुमनला म्हणाले, "आईला डोंगरावर उघड्यावर निजवायचं असेल तर बरोबर कुणीतरी जबाबदार माणूस हवा."

"आप्पांना सांग," जितेश दारातून म्हणाला, "पिशव्या दोनच आहेत."

"मला पिशवी नको, माझी गोधडी आहे," सुमन म्हणाली. "म्हणजे दोन पुरल्या." आणि यावर कुणाला काही सुचायच्या आत ती माकडटोप्या शोधायला आत गेली.

शनिवारी दुपारी तिघं निघाले. जितेशच्या पाठीवर पिशव्या आणि गोधडी, सुमनच्या एका हातात डबा आणि थर्मास, दुसऱ्या हातात कळशी आणि चहाचं पातेलं, आणि रामचंद्रांच्या कमरेला कोयती, डोक्यावर एक भलंमोठं पोतं. पोत्यात वाडीतली सुकी केळीची पानं. तरुणपणी कित्येक रात्री त्यांनी वाडीत राखणीला झोपून काढल्या होत्या. जमिनीचा गारठा पाठीतून कसा चढतो ते त्यांना ठाऊक होतं.

"आई, पिशवीत खालच्या बाजूला मी फोम घातलाय," जितेश चढावर म्हणाला. "पोत्याची काही गरज नव्हती."

पोतं काही बोललं नाही. ते चढत राहिलं.

देवळात नमस्कार करून ते आणखी वर गेले आणि झाडीच्या मधे एक सपाट कातळ बघून थांबले. संध्याकाळी जाळ केला. भाकरी आणि वांग्याचं भरीत खाल्लं. खाली दूरवर वसईचे दिवे लागले, तशी वाऱ्याला धार आली, आणि जितेश खूश झाला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी थंडी वाढावी म्हणून आभाळाकडे बघत होतं.

रामचंद्रांनी पोतं सुमनच्या जागेवर रिकामं केलं. सगळंच्या सगळं.

"अहो, तुमच्या खाली घाला की थोडी."

"नको. पिशवीची परीक्षा आहे. मग पिशवीनंच द्यायला हवी. कॉपी नको."

जितेशनं पिशवी पसरली. सुमननं ती इकडून तिकडून बघितली. "काय रे, यात जिवंत माणूस घालायचा ना?"

"आई."

"विचारलं आपलं. चेन आतून उघडते की बाहेरून?"

रामचंद्र पिशवीत शिरले. शिरले म्हणजे, आधी एक पाय गेला, मग दोन्ही पाय एकाच बाजूला गेले, मग ते बसल्या जागी कलंडले. शेवटी जितेशनं गुडघ्यांवर बसून त्यांचे पाय सरळ केले, चेन हळूहळू वर ओढली, गळ्याशी आल्यावर कातडी सापडू नये म्हणून मधे बोट घातलं, आणि सरकलेली माकडटोपी कानांवर नीट बसवली. सुमन जाळ सारखा करायच्या निमित्तानं बघत होती. दोन वर्षांत एकाचा हात दुसऱ्याला लागला नव्हता. बोलले मात्र नाहीत. रामचंद्र आभाळाकडे बघत होते आणि जितेश चेनकडे.

"त्याला सांग," रामचंद्रांनी सुरू केलं.

पण सुमननं एव्हाना गोधडी डोक्यावरून ओढून घेतली होती. एक्स्चेंज बंद झालं होतं. काय सांगायचं होतं ते रात्रभर तसंच राहिलं.

तिला झोप छान लागली. खाली केळीची पानं कुरकुरत होती, वर गोधडीचं ओझं होतं, आणि पायाशी तिनं थर्मासमधलं गरम पाणी ओतलेली बाटली फडक्यात गुंडाळून ठेवली होती, ज्याबद्दल तिनं कुणाला काही सांगितलं नव्हतं. तिची कुठे परीक्षा होती.

उजाडता उजाडता ती उठली, तर दोन्ही पिशव्या रिकाम्या. रामचंद्र विझत आलेल्या जाळाला जवळजवळ मिठी मारून बसले होते. शर्टाची गळ्यापर्यंतची गुंडी लावलेली, वर शाल, त्यावर टॉवेल. जितेश थोड्या अंतरावर उठाबशा काढत होता. जितेशनं शाळा सुटल्यापासून उठाबशा काढल्याचं सुमनच्या ऐकिवात नव्हतं.

"इतक्या लवकर उठलात?"

"झोप पुरी झाली," रामचंद्र म्हणाले. दातावर दात वाजत होते. ते त्यांनी आवळून धरले. मग त्यांनी मान वळवली आणि सुमनकडे न बघता, तिच्या खांद्यावरून पलीकडे, थेट जितेशकडे बघून म्हणाले, "गरम आहे. चांगली केलीस पिशवी."

जितेशची उठाबशी अर्ध्यातच राहिली. सरळ वाक्य होतं. 'त्याला सांग' नाही, 'विचार' नाही. तो कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

"हो ना, आप्पा?" तो म्हणाला. "मलापण छान झोप लागली. थंडी अशी वाजलीच नाही."

तुंगारेश्वराला न सांगितलेला नवस देवानं स्वतःच ओळखून पुरा केला, असं सुमनला वाटलं. तिनं चहाचं पातेलं जाळावर ठेवलं, दोघांनाही दोन क्षण एकटं सोडावं म्हणून पाण्याची कळशी उचलली आणि झाडीमागे झऱ्याकडे गेली.

करवंदीच्या जाळीवर एक बनियन वाळत घातलेला होता. अर्ध्या बाह्यांचा, खांद्याशी पिवळट झालेला. हा बनियन ती इतकी वर्षं धूत होती की अंधारातही ओळखला असता. तिनं हात लावला. ओलाचिंब. पिळला असता तर पाणी निघालं असतं.

तिला सगळा प्रकार समजला. पाणी आत जाणार नाही, हे जितेशनं पक्कं केलं होतं. अंगातला घाम बाहेर कसा जाणार, याचा विचार स्कूटरचं कव्हर शिवणाऱ्यानं कशाला केला असता? स्कूटरला घाम येत नाही. म्हातारा रात्रभर स्वतःच्या घामात भिजत पडला, पहाटे गारठला, चोरून उठला, बनियन लपवला आणि पोराला म्हणाला, गरम आहे.

दोन वर्षांनी पहिलं सरळ वाक्य, आणि तेही धादांत खोटं.

ती तिथेच दगडावर बसली. बनियन तसाच ठेवावा, हा पहिला विचार. पोराच्या तोंडावरचा आनंद बघितला होता तिनं. पण उद्या हिलरीचं मंडळ त्या पिशव्या घेऊन कुठल्यातरी खऱ्या डोंगरावर जाणार, पहाटे सगळे ओले होऊन कुडकुडणार, आणि जितेशचं नाव तिथेच संपणार. बरं, आत्ता तोंडावर सांगावं, तर जितेशला वाटणार, आप्पांनी दया दाखवली. मग तोही 'बरं' म्हणणार आणि घरात दोन 'बरं' होणार.

काही न ठरवताच तिनं कळशी भरली आणि परतताना पलीकडची वाट धरली. तिथे एका उन्हाच्या तिरिपेत, दगडाखाली कोपरा दाबून, दुसरा बनियन पसरलेला होता. बिनबाह्यांचा, नवा. तोही ओलाचिंब.

सुमन त्या बनियनकडे बघत राहिली आणि मग तिला हसू फुटलं. आवाज जाऊ नये म्हणून तिनं पदर तोंडात धरला. बापानं लेकाचं मन राखलं, लेकानं बापाचं राखलं, आणि दोघंही आता जाळापाशी बसून एकमेकांना किती गरम झोप लागली ते सांगत असणार. दोन वर्षांचा 'बरं' तो हाच. नुसते कपडे बदलून आला होता.

आता मात्र तिनं ठरवलं. दोन्ही बनियन उचलले, जाळापाशी आली, पोतं बांधायची सुतळी दोन झाडांना बांधली आणि बापाचा बनियन आणि लेकाचा बनियन शेजारी शेजारी टांगले. दोन्हींतून पाणी ठिबकत होतं.

"चहा घ्या," ती म्हणाली.

कुणी चहा घेतला नाही. रामचंद्रांनी आधी आपला बनियन बघितला आणि मान खाली घातली. मग दुसरा बघितला आणि मान वर केली.

"तुझापण?"

जितेश चपलेनं माती उकरत होता. "थोडासा."

"थोडासा काय, ठिबकतोय तो. मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही म्हणालात, गरम आहे."

"मी सकाळी म्हणालो. रात्री तुझं तोंड कुणी धरलं होतं?"

"तुम्ही तरी कुठे बोललात? मला वाटलं, माझ्याच पिशवीत काहीतरी बिघडलंय. तुमची चांगली असेल."

"रात्रभर मी या कुशीवरून त्या कुशीवर होतो. ऐकू नाही आलं?"

"मला वाटलं, तुम्हाला सवय नाही पिशवीची."

"सवय," रामचंद्र म्हणाले. शालीतून एक हात बाहेर आला. सुमननं तो हात ओळखला. पंपाच्या वेळेवरून भांडताना हाच हात बाहेर येत असे. "तू पाळण्यात होतास तेव्हापासून मी उघड्यावर झोपतोय. आण ती पिशवी इकडे. आणि कोयती दे."

"आप्पा, ते सॅम्पल आहे. हिलरीला दाखवायचंय."

"ओला बनियन घालून दाखवणार आहेस?"

जितेश मधे आला, रामचंद्रांनी त्याला बाजूला केलं, पिशवी दोघांच्या हातात ताणली गेली. शेवटी कोयती जितेशनंच घेतली, कारण आप्पांना शिवण कुठे आहे ते माहीत नव्हतं आणि भलतीकडेच कापलं असतं. वरचं रबराचं कापड त्यानं बाजूबाजूनं उसवलं. आतला कापूस भिजून गोळा झाला होता.

"हे रबर वर कशाला?" रामचंद्र म्हणाले. "खाली ठेव. ओल जमिनीतून येते."

"वरून दव पडतं त्याचं काय?"

"पडू दे. दव झटकता येतं. घाम झटकून दाखव."

"म्हणजे वर साधं कापड, खाली रबर," जितेश स्वतःशीच म्हणाला. त्याचे डोळे बारीक झाले. कापड कुठे वळवायचं ते तो मनात मोजू लागला असावा. "आणि पायाशी एक छोटी चेन द्यायची, हवेला."

"पायाशी नाही. पाय गार पडले की माणूस झोपत नाही. गळ्याशी दे."

"गळ्याशी दिली तर वारा सरळ छातीत."

"मफलर कशाला असतो?"

"पिशवी विकायची आणि वर सांगायचं, मफलर तुमचा तुम्ही आणा?"

सुमननं आपला चहा ओतून घेतला आणि पानांच्या अंथरुणावर टेकली. आवाज चढत होता. खालच्या वाटेनं देवळाकडे निघालेली माणसं थबकून वर बघत होती.

"तुला हे आधी कळायला हवं होतं," रामचंद्र म्हणत होते. "राजेळीची सुकेळी वाळत घातली होती मांडवावर, तेव्हा रात्री वरून प्लास्टिक टाकलंस. सकाळी सगळ्या सुकेळ्यांना पाणी सुटलेलं. अख्खा घाणा बुरशीनं गेला. तेव्हाच कळायला हवं होतं, झाकलेल्याला घाम येतो."

"मी टाकलं? मी सातवीत होतो. तुम्ही टाकलंत प्लास्टिक."

"मी कशाला टाकीन? माझा बाप सुकेळी सुती धोतरानं झाकायचा, मीपण तसंच झाकायचो."

"मग मार मला का पडला?"

"तू टाकलंस म्हणून पडला."

"मी टाकलंच नव्हतं, आप्पा. तेव्हाही सांगत होतो, आजही सांगतोय."

"मग काय प्लासिड येऊन टाकून गेला?"

सुमननं कप ओठांना लावला. त्या रात्री दव फार पडणार असं वाटून, बापलेक झोपल्यावर, अंगणातलं प्लास्टिक ओढत नेऊन मांडवावर कुणी घातलं होतं, हे तिला चांगलं आठवत होतं. एका वाक्यात हा वाद मिटला असता. तिनं ते वाक्य चहाबरोबर गिळलं. इतक्या चांगल्या चाललेल्या गोष्टीत तोंड घालणं तिच्या स्वभावात नव्हतं.

डोंगर उतरेपर्यंत हे पुरेल, असा तिचा अंदाज होता. तो चुकला. रात्री जेवतानाही तेच चालू होतं, आणि उन्नती वाढता वाढता घाबरून सासूकडे बघत होती. "तू जेव," सुमन तिला म्हणाली.

सोमवारी सकाळी रामचंद्र धुतलेला शर्ट घालून ओटीवर आले. गळ्याशी चेन कशी बसते ते प्रत्यक्ष दाखवल्याशिवाय काही लोकांना समजत नाही, असं ते केळींना उद्देशून म्हणाले, आणि जितेशच्या स्कूटरवर मागे बसले. सुमन फाटकापर्यंत गेली. स्कूटर रस्त्याला लागली तेव्हा रामचंद्र मागून सांगत होते, गिअर चुकीचा टाकलास, आणि जितेश पुढून ओरडून विचारत होता की तुम्हाला स्कूटर कधीपासून येते.